पक्षाघातानंतर हाताची सुधारणा कशी मोजावी?
रुग्ण, कुटुंबीय व गावपातळीवरील आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी माहितीपत्रक

१. हे पत्रक कशासाठी

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक खंडित झाला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, तर शरीराची एक बाजू दुबळी होते. या आजाराला पक्षाघात, अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतात. रुग्णालयात त्याला स्ट्रोक असे संबोधले जाते. जीव वाचला, रुग्ण घरी आला, आधाराने चालू लागला, की कुटुंबाला मोठा दिलासा मिळतो. मात्र हात बहुधा मागे राहतो. पाय दिवसभर शरीराचा भार घेतो, त्यामुळे त्याला आपोआप सराव मिळतो. हाताचे काम दुसरा हात करून टाकतो आणि दुबळा हात मांडीवर पडून राहतो.

"हात कसा आहे?" या प्रश्नाला घरोघरी दोनच उत्तरे मिळतात : "थोडा बरा आहे" किंवा "काहीच फरक नाही". या दोन्ही उत्तरांवरून उपचाराची दिशा ठरवता येत नाही. ताप मोजल्याशिवाय तो उतरला की चढला हे निश्चित सांगता येत नाही. हाताच्या सुधारणेचेही तसेच आहे. ती कशी मोजली जाते, रुग्णालयातील आकड्यांचा अर्थ काय आणि घरी कोणत्या साध्या नोंदी ठेवता येतात, हे या पत्रकात दिले आहे.

२. मोजमापाची आवश्यकता

(अ) सुधारणा संथ असते. रोज पाहणाऱ्याच्या नजरेला ती जाणवत नाही आणि "आता काही होणार नाही" असे समजून व्यायाम बंद केले जातात. सहा आठवड्यांपूर्वीची नोंद समोर असेल, तर हा चुकीचा निर्णय टळू शकतो.

(आ) प्रत्येक हालचाल म्हणजे सुधारणा नव्हे. पेल्यापर्यंत हात पोहोचावा म्हणून रुग्ण कंबरेतून पुढे झुकतो किंवा खांदा वर उचलतो. काम होते, परंतु कोपर पूर्वीइतकेच आखडलेले असते. शरीराने काढलेली पळवाट आणि हाताची खरी सुधारणा यांतील भेद मोजमापातून स्पष्ट होतो.

(इ) उपचार आकड्यानुसार बदलतात. उदाहरणार्थ, चांगल्या हाताला मिटन घालून दुबळ्या हाताकडूनच कामे करवून घेण्याची पद्धत सामान्यतः मनगट सुमारे २० अंश व बोटे सुमारे १० अंश वर उचलता येणाऱ्या रुग्णांसाठीच योग्य मानली जाते. एवढी हालचाल नसताना ती सुरू केल्यास पदरी निराशाच येते.

३. हात कसा सुधारतो

मेंदूच्या डाव्या भागाकडे शरीराच्या उजव्या बाजूचे आणि उजव्या भागाकडे डाव्या बाजूचे नियंत्रण असते. हाताच्या स्नायूंना इजा झालेली नसते. त्यांना मेंदूकडून येणारी आज्ञा अडलेली असते.

सुधारणेचे टप्पे थॉमस ट्विचेल यांनी १९५१ मध्ये रुग्णांच्या निरीक्षणावरून वर्णिले. पुढे सिग्ने ब्रुनस्ट्रॉम या फिजिओथेरपिस्टने त्यांची सहा टप्प्यांत मांडणी केली. प्रारंभी हात लोंबता, सैल असतो. नंतर त्यात ताठरपणा येऊ लागतो. त्यापुढे हात हलतो, पण ठरावीक साच्यात : हात उचलायला जावे तर कोपर आणि बोटेही त्याच वेळी वळतात. कालांतराने हा साचा सैल होतो, सांधे एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलू लागतात आणि ताठरपणा ओसरतो. प्रत्येक रुग्ण शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. एखाद्या टप्प्यावर सुधारणा थांबूही शकते.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. म्हणून या काळातील मोजमाप व सराव यांना विशेष मोल आहे. त्यानंतर वेग मंदावतो, परंतु योग्य सरावाने हाताचा वापर पुढेही वाढू शकतो. "सहा महिन्यांनंतर दार बंद होते" ही समजूत बरोबर नाही.

४. नेमके काय मोजायचे

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणानुसार आजाराचा परिणाम तीन पातळ्यांवर पाहिला जातो. हाताच्या बाबतीत त्या अशा :

• शरीराची क्षमता : सांधा किती हलतो, पकड किती जोराची आहे, ताठरपणा किती आहे.
• कृती : पेला उचलणे, बटण लावणे, नाणे उचलणे जमते का.
• सहभाग : रुग्ण घरात, कामावर, समारंभात तो हात प्रत्यक्ष वापरतो का.

या तीन पातळ्या एकाच वेगाने सुधारत नाहीत. चाचणीच्या टेबलावर उत्तम चालणारा हात घरी निष्क्रिय राहू शकतो. वापर केला की अपयश येते, अपयशामुळे वापर टळतो आणि न वापरण्याचीच सवय जडते. एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञांनी ही 'शिकलेली निष्क्रियता' दाखवून दिली. म्हणून केवळ एका पातळीवरील आकड्यावर विसंबू नये.

५. रुग्णालयातील प्रमुख चाचण्या

फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट पुढीलपैकी काही चाचण्या करतात. त्यांपैकी कोणतीही वेदनादायक नाही.

• फ्युगल-मायर चाचणी : स्वीडनमध्ये १९७५ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी जगभर वापरली जाते. हातासाठी तिच्यात ३३ बाबी असून प्रत्येकीस ०, १ किंवा २ गुण दिले जातात. कमाल गुण ६६. खांदा, कोपर व पुढचा हात यांना ३६, मनगटाला १०, पंजाला १४ आणि हालचालीचा समन्वय व वेग यांना ६ गुण असतात. ही चाचणी शरीराची क्षमता मोजते.

• ॲक्शन रिसर्च आर्म टेस्ट : १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १९ कामे असतात : लहानमोठे ठोकळे व क्रिकेटचा चेंडू उचलणे, एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतणे, गोटी चिमटीत धरणे, हात तोंडापर्यंत व डोक्यामागे नेणे. प्रत्येक कामास ० ते ३ गुण, कमाल ५७. ही चाचणी कृती मोजते.

• ठोकळ्यांची चाचणी : मध्ये आडपडदा असलेल्या पेटीत २.५ सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे असतात. एका मिनिटात किती ठोकळे पडद्यापलीकडे नेले, एवढेच मोजायचे. निरोगी प्रौढ व्यक्ती साधारणतः ६० ते ८० ठोकळे नेतात.

• नऊ खुंट्यांची चाचणी : नऊ लहान खुंट्या छिद्रांत बसवून परत काढण्यास लागणारा वेळ मोजतात. निरोगी व्यक्तीस सुमारे २० सेकंद लागतात. बोटांत बऱ्यापैकी हालचाल परतल्यावरच ती उपयुक्त ठरते.

• पकडमापक : रुग्णाला बसवून, कोपर काटकोनात ठेवून मूठ दाबायला सांगतात आणि तीन प्रयत्नांची सरासरी किलोग्रॅममध्ये नोंदवतात.

• ताठरपणाची श्रेणी : थेरपिस्ट स्वतः रुग्णाचा सांधा हलवून किती प्रतिकार जाणवतो ते पाहतात. १९८७ पासून प्रचलित असलेल्या सुधारित ॲशवर्थ श्रेणीत ० म्हणजे प्रतिकार वाढलेला नाही आणि ४ म्हणजे सांधा जखडलेला. येथे आकडा वाढणे ही चांगली बातमी नव्हे, हे लक्षात ठेवावे.

• वापराची मुलाखत : रोजच्या कामांत हात किती व किती चांगल्या प्रकारे वापरला जातो, हे प्रश्न विचारून नोंदवतात. येथे रुग्णाने आणि कुटुंबीयांनी खरे तेच सांगावे. ही परीक्षा नाही. चांगले गुण मिळवण्याची गरज नाही.

रुग्णालयातून निघताना या चाचण्यांचे गुण व तारीख कागदावर लिहून घ्यावी. पुढचा थेरपिस्ट वेगळ्या गावात असला, तरी तुलना करता येते.

६. पहिल्या तीन दिवसांतील संकेत

नेदरलँड्समधील रुग्णांवर झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास महत्त्वाचा आहे. पक्षाघातानंतर ७२ तासांच्या आत ज्यांना बोटे थोडी तरी सरळ करता आली आणि खांद्यातून हात बाजूला थोडा तरी उचलता आला, त्यांपैकी सुमारे ९८ टक्के रुग्णांच्या हातात सहा महिन्यांपर्यंत काही ना काही कौशल्य परतले. ज्यांना या दोन्ही हालचाली करता आल्या नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते.

या आकड्यांचा अर्थ जपून घ्यावा. 'काही कौशल्य' म्हणजे पूर्ववत हात नव्हे. तसेच प्रतिकूल संकेत असलेल्या गटातही दर चार रुग्णांमागे एकाच्या हातात कौशल्य परतले. संकेत प्रतिकूल असेल, तर हात सोडून द्यायचा नसतो. सांधे मोकळे ठेवणे, खांदा जपणे आणि चांगल्या हाताने स्वावलंबी होण्याचे प्रशिक्षण लवकर सुरू करणे, हे त्याचे उत्तर आहे.

७. आकडा कसा वाचावा

एक-दोन गुणांचा चढउतार झोप, थकवा, थंडी किंवा तपासणाऱ्या व्यक्तीतील बदल यांमुळेही होतो. फ्युगल-मायर किंवा ॲक्शन रिसर्च आर्म टेस्टमध्ये साधारणतः ५ ते ६ गुणांची वाढ झाली, तर ती रुग्णाला जाणवण्याजोगी मानली जाते. त्याहून कमी बदलाने हुरळून जाऊ नये आणि खचूनही जाऊ नये.

पुढील उदाहरण केवळ समजण्यासाठी रचलेले आहे. छपन्न वर्षांच्या एका किराणा दुकानदारांची उजवी बाजू दुबळी झाली. दोन आठवड्यांनी त्यांचे फ्युगल-मायर गुण १८ होते, सहा आठवड्यांनी ३१. ॲक्शन रिसर्च आर्म टेस्टचे गुण ६ वरून १९ झाले. घरच्या वापराच्या नोंदीत मात्र २० पैकी २ चे केवळ ३ झाले. पत्नी प्रेमापोटी त्यांना घास भरवीत होती, मुलगा सदऱ्याची बटणे लावून देत होता आणि हिशेबाची वही धाकटा भाऊ लिहीत होता. हात तयार होता. घर त्याला काम देत नव्हते. थेरपिस्टने तिघांनाही समोर बसवून आकडे दाखवले. त्यानंतर रोजचा पहिला घास स्वतःच्या हाताने, वरची दोन बटणे स्वतः आणि दुकानात सुट्टी नाणी मोजण्याचे काम त्यांच्याकडे, असे ठरले. बाराव्या आठवड्यात वापराची नोंद ११ झाली.

क्षमतेचा आकडा वाढूनही वापराचा आकडा जागीच राहिला, तर बहुधा घरातील सवयी बदलण्याची गरज असते. दोन्ही आकडे जागीच राहिले, तर खांदेदुखी, वाढता ताठरपणा, उदासपणा, अपुरी झोप किंवा फारच सोपा सराव यांपैकी काय अडथळा आहे, याची तपासणी करून घ्यावी.

८. घरी ठेवावयाच्या चार नोंदी

या नोंदी रुग्णालयातील चाचण्यांची जागा घेत नाहीत. त्यांची तुलना दुसऱ्या रुग्णाशी न करता केवळ त्याच रुग्णाच्या मागील नोंदीशी करावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच खुर्चीवर व त्याच टेबलाशी बसून मोजावे. पाठ खुर्चीला टेकलेली आणि पावले जमिनीवर असावीत.

१. पोहोच : दुबळा हात टेबलाच्या कडेवर ठेवावा. पाठ न उचलता पंजा पुढे सरकवत न्यावा. बोटांची टोके कडेपासून किती सेंटिमीटरपर्यंत गेली, ते शिंप्याच्या टेपने मोजावे.

२. बोटांची टोके : अंगठ्याचे टोक किती बोटांच्या टोकांना लावता येते, ते ० ते ४ असे नोंदवावे. मूठ मिटून पुन्हा पूर्ण उघडता येते का, हेही लिहावे.

३. झाकणे : प्लॅस्टिकच्या बाटल्यांची २० झाकणे एका ताटात ठेवावीत. एक-एक उचलून शेजारच्या ताटात ठेवावे. एका मिनिटात किती झाली ते मोजावे. सर्व झाकणे मिनिटाच्या आत झाली, तर लागलेले सेकंद लिहावेत. त्यानंतर चांगल्या हाताचेही मोजावे. दरवेळी तीच झाकणे व तीच ताटे वापरावीत.

४. वापर : पुढील दहा कामे पाहावीत : दात घासणे, तोंड धुणे, जेवणे, पाण्याचा पेला धरणे, बटण लावणे, नाडी बांधणे किंवा साडी नेसणे, आंघोळीचा तांब्या धरणे, दाराची कडी काढणे, मोबाइल वापरणे आणि पैसे मोजणे. मागील आठवड्यात दुबळा हात अजिबात वापरला नसेल तर ०, चांगल्या हाताला मदत म्हणून वापरला असेल तर १ आणि पक्षाघातापूर्वीप्रमाणे वापरला असेल तर २ लिहावे. एकूण २० पैकी बेरीज करावी.

आपल्याकडे जेवण्यासाठी एक हात आणि शौचशुद्धीसाठी दुसरा, अशी वाटणी अनेक घरांत पाळली जाते. त्यामुळे एक हात गेला, की रुग्णाची कुचंबणा होते आणि संकोचापोटी तो बोलत नाही. नोंद घेताना हा प्रश्न एकांतात, आदराने विचारावा. पर्यायी हाताचा वापर किंवा पाण्याचा जेट अशा सोयींविषयी थेरपिस्टचा सल्ला घ्यावा.

९. मोजताना टाळावयाच्या चुका

• नोंदीच्या आधी बराच व्यायाम करवून हात थकवू नये.
• "आज जास्त झाले पाहिजे" असा आग्रह धरू नये. ताणामुळे ताठरपणा वाढतो.
• रुग्णाच्या हाताला आपल्या हाताने टेकू देऊन मोजू नये. दिल्यास तसे लिहावे.
• रोज मोजू नये. रोजचा चढउतार मनाला थकवतो.
• दुबळ्या बाजूचा दंड किंवा काखेत हात घालून रुग्णाला ओढून उठवू नये. सैल झालेला खांदा त्यामुळे निखळू शकतो व दीर्घकाळ दुखत राहतो.
• संवेदना कमी असल्यास गरम भांडे, चूल किंवा धारदार वस्तू यांचा उपयोग सरावासाठी करू नये.

१०. कुटुंबाची भूमिका आणि तिची मर्यादा

भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर 'अटेंड' नावाचा अभ्यास झाला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबातील एका व्यक्तीला पुनर्वसनाचे प्रशिक्षण देऊन घरी सराव करवून घेतल्याने सहा महिन्यांनंतरचा मृत्यू किंवा परावलंबन कमी होते का, हे त्यात तपासले गेले. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक आढळला नाही. यातून कुटुंबाचे कष्ट व्यर्थ असतात, असा निष्कर्ष काढू नये. मात्र सर्व भार घरच्यांवर टाकून तज्ज्ञाकडे जाणे थांबवणे योग्य नाही. कुटुंबाने नोंद ठेवावी, सराव घडवावा आणि ती वही घेऊन तज्ज्ञाकडे जावे.

११. मनाची नोंद

पक्षाघात झालेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. सतत रडू येणे, सरावाला नकार, भूक व झोप उडणे, "मी ओझे झालो आहे" असे वारंवार म्हणणे ही त्याची लक्षणे आहेत. हा हट्ट किंवा आळस नसून उपचार होऊ शकणारा आजार आहे. टेली-मानस या राष्ट्रीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन उपलब्ध आहे. सेवा करणाऱ्या व्यक्तीनेही त्याचा लाभ घ्यावा.

१२. त्वरित वैद्यकीय मदत कधी घ्यावी

• चेहरा अचानक वाकडा होणे, हाताची शक्ती पुन्हा जाणे किंवा बोलणे अडखळणे : हा नवा पक्षाघात असू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. हात मोजत किंवा चोळत वेळ दवडू नये.
• पंजा सुजणे, लाल व गरम होणे, स्पर्शही सहन न होणे.
• खांद्याची वेदना वाढत जाऊन झोप मोडणे.
• मागील दोन नोंदींच्या तुलनेत हाताची शक्ती स्पष्टपणे घटणे.

१३. उपलब्ध सुविधा

रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात करून घ्यावी. दुसरा पक्षाघात टाळण्यासाठी ती अत्यावश्यक आहे. प्रवास कठीण असल्यास ई-संजीवनी सेवेद्वारे डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला मिळू शकतो. कायमस्वरूपी दुर्बलता राहिल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दिव्यांगत्व प्रमाणपत्र व ओळखपत्र यांसाठी अर्ज करता येतो. अनेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. अशा वेळी तारखांसह ठेवलेले चाचण्यांचे अहवाल उपयोगी पडतात.

१४. लक्षात ठेवावे

• रुग्णालयातून घरी येताना हाताचे गुण व तारीख लिहून घ्यावी.
• आठवड्यातून एकदा चार नोंदी : पोहोच, बोटांची टोके, झाकणे, वापर.
• पाठ खुर्चीला टेकलेली असेल, तरच पोहोच खरी.
• वापराचा आकडा वाढत नसेल, तर रुग्णाच्या हातातील काम घरचे काढून घेत नाहीत ना, हे पाहावे.
• नोंदवही प्रत्येक भेटीच्या वेळी तज्ज्ञाला दाखवावी.

हात पूर्वीसारखा होईलच, असे आश्वासन कोणतीही चाचणी देत नाही. परंतु आज हात कोठे आहे आणि पुढचे पाऊल कोणते, हे ती निश्चित सांगते. वहीचे पहिले पान या आठवड्यातच लिहावे.